एक रुपयाचा पिन आणि दरमहा चारशे नव्व्याण्णव

ओटीपी कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, वीज तोडण्याच्या धमकीचा संदेश आला तर घाबरू नये, एवढे आता नागपुरातल्या आमच्या मानेवाड्यातल्या साठी ओलांडलेल्या मंडळींनाही पाठ झाले आहे. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, पेन्शनच्या खात्यातून काही महिने जी रक्कम जात राहिली, तिच्यासाठी मात्र कुणी ओटीपी मागितला नव्हता, कुणाचा फोन आला नव्हता, आणि ज्या ॲपमुळे हे घडले तेही प्ले स्टोअरवरूनच उतरवलेले होते. नेहमीच्या सूचना या प्रकारात उपयोगी पडत नाहीत, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची बिले विम्याच्या दाव्यासाठी पाठवायची होती. विमा कंपनीला सगळी कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये आणि ठरावीक आकाराच्या आत हवी होती. बाबांचा फोन नवाच होता. बर्डीवरच्या ज्या दुकानातून तो घेतला, तिथल्या मुलाने जुन्या फोनमधले सर्व काही नव्यात आणून यूपीआयही सुरू करून दिले होते. बाबांनी प्ले स्टोअरमध्ये शोध घेतला आणि यादीत सर्वांत वर आलेले ॲप उतरवले. ते वर येण्याचे कारण त्याच्या नावाजवळ बारीक अक्षरांत दिलेले असते: ती जागा जाहिरातीचे पैसे देऊन मिळवलेली असते.

या ॲपची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण फसवणूक त्या रचनेतच आहे. बिलांचे फोटो काढणे, कडा कापणे, पाने एकामागोमाग लावणे हे सगळे ॲपने निमूटपणे आणि उत्तम रीतीने करू दिले. पैशांचा शब्दही निघाला नाही. अर्धा तास खर्चून सगळी पाने जुळवल्यावर जेव्हा फाइल साठवण्याचे बटण दाबले, तेव्हा पडदाभर एक पान उघडले, ज्यावर तीन दिवस मोफत वापराचे ठळक हिरवे बटण होते आणि त्याखाली केवळ एक रुपया भरून खाते पडताळून घेण्याची विनंती होती. ते पान बंद करण्याची फुली कोपऱ्यात होती, पण ती पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट राखाडी रंगाची होती आणि पान उघडल्यावर काही सेकंदांनी उमटत होती. नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ती दिसावी अशी तिची योजनाच नव्हती. हिरवे बटण दाबताच यूपीआयचे ॲप आपोआप उघडले, बाबांनी एक रुपयासाठी पिन टाकला, फाइल मिळाली आणि दावा दाखल झाला. काम झाल्यावर त्यांनी ते ॲप फोनमधून काढूनही टाकले.

त्या पिनने एक रुपया तर गेलाच, पण त्याबरोबर एक कायमची परवानगीही गेली. यूपीआय ऑटोपे ही खात्यातून वेळोवेळी आपोआप पैसे कापले जाण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जुलै 2020 मध्ये सुरू केली. वीज बिल, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची मासिक गुंतवणूक यांसाठी ती खरोखर उपयुक्त आहे, आणि आमच्या घरातही ती वापरली जाते. हिच्यात पहिल्यांदा पिन टाकून मँडेट, म्हणजे अशा कपातींची परवानगी, मंजूर केले, की पुढच्या 15,000 रुपयांपर्यंतच्या कपातींना पुन्हा पिन लागत नाही. म्हणजे ही परवानगी सही करून ठेवलेल्या धनादेशांच्या गठ्ठ्यासारखी असते, आणि तो गठ्ठा कुणाच्या हाती जातो आहे हे पाहण्याची संधी एकदाच मिळते. बाबांच्या फोनमध्ये ते मँडेट मी नंतर उघडून पाहिले. वर मोठ्या अक्षरांत एक रुपया होता. खाली लहान अक्षरांत कमाल रक्कम 999 रुपये होती, वारंवारितेच्या रकान्यात दरमहा किंवा दर वर्षी असे काही न लिहिता कंपनी मागेल तेव्हा अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग होता, आणि मुदत 2055 सालापर्यंतची होती. बाबा आज त्र्याहत्तर वर्षांचे आहेत.

हे उघडकीस आले ते बाबांच्या जुन्या सवयीमुळे. ते अजूनही बँकेत जाऊन पासबुक छापून आणतात आणि घरी बसून प्रत्येक नोंदीवर लाल पेनाने बारीक खूण करतात; ज्या नोंदीचा उलगडा होत नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकतात. या वेळी 499 रुपयांच्या एकसारख्या नोंदींपुढे प्रश्नचिन्हांची एक रांगच लागली होती. नोंदीत त्या पीडीएफ ॲपचे नाव कुठेच नव्हते. कधी न ऐकलेल्या एका कंपनीचे नाव होते. ॲपचे नाव एक आणि पैसे घेणाऱ्या कंपनीचे नाव दुसरे, अशी स्थिती असल्यामुळे सुरुवातीला आम्ही एकमेकांनाच विचारत राहिलो, आणि माझ्या मुलाने आजोबांच्या फोनवर एखादा खेळ विकत घेतला असावा असा संशयही घेतला गेला. त्या पोराला दोन दिवस उगाच बोलणी बसली, याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते.

बँकेत विचारणा केल्यावर मिळालेले उत्तर नियमाला धरून होते: मँडेट खातेदाराने स्वतःच्या पिनने मंजूर केले आहे, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक ग्राहकाला जे संरक्षण देते, म्हणजे तिसऱ्याच कुणाच्या तरी कृत्याने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भुर्दंड नाही, ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. या ॲपवाल्यांनी शोधून काढलेली वाट नेमकी त्याच्या बाहेरून जाते. चोरी झाली असे म्हणता येत नाही आणि विकत घेतले असेही म्हणवत नाही. प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि बाबांच्या फोनमध्ये तसे संदेश सापडलेही. परंतु ते इंग्रजीत होते, त्यांत त्याच अनोळखी कंपनीचे नाव होते, आणि कर्जाच्या व साड्यांच्या सेलच्या जाहिरातींखाली ते गाडले गेले होते.

ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी (सबस्क्रिप्शन) थांबली, ही समजूत फार सार्वत्रिक आहे आणि या धंद्याचा सगळा भार तिच्यावरच आहे. ॲप फोनमध्ये असते, मँडेट मात्र बँक आणि यूपीआयच्या यंत्रणेत असते. एक पुसल्याने दुसरे पुसले जात नाही. ते रद्द करायचे तर ज्या यूपीआय ॲपवरून मंजूर केले, त्यात जाऊन ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग शोधावा लागतो. फोनपे आणि गुगल पे यांमध्ये तो आपल्या छायाचित्रावर दाबल्यावर उघडणाऱ्या पानात मिळतो. तिथे चालू असलेल्या मँडेटची यादी दिसते, आणि एकेक उघडून ते रद्द करता येते. पैसे प्ले स्टोअरच्या मार्फत जात असतील तर मात्र वर्गणी तिथल्या खात्यातील पेमेंट व सदस्यत्वे या भागातून थांबवावी लागते. आणि त्या मार्गाने गेलेले पैसे परत हवे असतील तर 48 तासांच्या आत गुगलकडे मागणी करणे बरे, कारण त्यानंतर ॲप बनवणाऱ्याकडे बोट दाखवले जाते. बाबांच्या बाबतीत पैसे थेट यूपीआयने जात होते, त्यामुळे ही दुसरी वाट आम्हाला बंदच होती.

मँडेट रद्द करताना पुन्हा पिन मागितला जातो, आणि इथे पुष्कळ माणसे माघार घेतात. आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या संध्याकाळच्या बैठकीत बाबांनी हा विषय काढल्यावर तिथल्या तिथे काहींचे फोन तपासले गेले. शेजारच्या एका काकूंच्या फोनमध्ये जन्मपत्रिका दाखवणाऱ्या ॲपचे मँडेट निघाले. रद्द करण्यासाठी पिनचे चौकोन पडद्यावर आले तेव्हा त्यांनी फोन माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाल्या, "काय बाप्पा, पैसे काढाले पिन, अन् पैसे थांबवालेही पिनच? म्या नाही टाकत." त्यांचे म्हणणे अजिबात चुकीचे नव्हते. पिन फक्त पैसे देण्यासाठीच असतो, घेण्यासाठी कधीच नसतो, हे वर्षानुवर्षे आपणच त्यांच्या मनावर बिंबवले आहे. शेवटी पडद्यावर रक्कम न दिसता मँडेट रद्द करण्याचाच उल्लेख आहे, हे मी त्यांना अक्षर अक्षर वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी हात आडवा धरून पिन टाकला. माझ्यापासूनही लपवून टाकला, हे मला आवडले.

आता कायद्याकडे वळते, कारण या लबाडीला नाव आहे आणि तिच्यावर बंदीही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणारी ॲपची किंवा संकेतस्थळाची रचना, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा तेरा प्रकारच्या क्लृप्त्या त्यांत नोंदवल्या. त्यांतील एक प्रकार वर्गणीच्या सापळ्याचा आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा किचकट करून ठेवणे, रद्द करण्याची सोय लपवणे, आणि मोफत वर्गणीसाठी ग्राहकाला पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप कपातीची परवानगी देण्यास भाग पाडणे, हे सर्व त्यात मोडते. बाबांच्या ॲपने यातले शेवटचे उघडउघड केले होते. तेव्हा पिन तुम्हीच टाकलात या उत्तराने बँकेचा विषय संपतो, पण ॲपवाल्या कंपनीचा संपत नाही. बँकेत हुज्जत घालण्यात आम्ही जो वेळ घालवला, तो कंपनीविरुद्धच्या तक्रारीत घालवायला हवा होता असे माझे मत झाले आहे.

कंपनीला ईमेल पाठवला तर यंत्राने लिहिलेले उत्तर आले, ज्यात अटी व शर्तींचा दुवा होता आणि आमच्या प्रश्नाचा मागमूसही नव्हता. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येते. तक्रारीत मार्गदर्शक तत्त्वांचा तारखेसह उल्लेख केला, पासबुकातील नोंदी आणि मँडेटच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडला. हा स्क्रीनशॉट मँडेट रद्द करण्यापूर्वीच काढून ठेवावा, म्हणजे कमाल रक्कम आणि मुदत दाखवणारा पुरावा हाताशी राहतो. काही दिवसांनी कंपनीने शेवटची कपात परत केली आणि आधीच्या कपातींबद्दल सेवा वापरली गेली आहे असे कळवले. फोनमध्ये नसलेल्या ॲपची सेवा कशी वापरली गेली, याचा खुलासा त्यात नव्हता.

ज्या कामासाठी हे सारे घडले, ते काम फोनमध्ये आधीपासून असलेल्या साधनांनी होते, हे सांगणे आवश्यक आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये गुगल ड्राइव्ह आलेलेच असते; त्यात अधिकच्या चिन्हावर दाबून स्कॅन निवडले की अनेक पाने एकाच पीडीएफमध्ये साठवता येतात, आणि आयफोनमध्ये हेच काम नोट्समध्ये होते. आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका यांसाठी तर स्कॅन करण्याचीही गरज नसते, त्या सरकारच्या डिजिलॉकरमधून मूळ स्वरूपात मिळतात. एखादे नवे ॲप घ्यायचेच झाले तर त्याच्या चार-पाच ताऱ्यांच्या कौतुकाकडे लक्ष न देता एक ताऱ्याचे अभिप्राय नव्याकडून जुन्याकडे वाचावेत. बाबांच्या ॲपखाली ते मी वाचले, तेव्हा पैसे कापले गेल्याच्या तक्रारी हिंदी, तेलुगू, मराठी अशा सगळ्या भाषांत होत्या, आणि प्रत्येकीखाली कंपनीचे तेच एक दिलगिरीचे वाक्य चिकटवलेले होते.

उरलेल्या रकमेसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे ठरले आहे. दोन हजारांच्या घरातल्या रकमेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे घरातच विचारले गेले. परंतु पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, वकील नेमणे बंधनकारक नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे ही अडचणही राहिलेली नाही, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे हजर राहायचे ते त्या कंपनीने, नागपुरात. अर्जाचा मसुदा बाबांनी स्वतः हाताने लिहून काढला आहे आणि तो मी टंकत आहे.