वाईन की व्हर्च्युअलबॉक्स? लिनक्सवर विंडोजचं सॉफ्टवेअर चालवायचंय त्यांच्यासाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत, लॅपटॉप धडधाकट आहे पण विंडोज ११ घेत नाही, मग लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू का, आणि टाकलं तर माझं अमुक सॉफ्टवेअर चालेल का. माझा उलटा प्रश्न असतो, त्या सॉफ्टवेअरला यूएसबीत काही खुपसावं लागतं का? डोंगल (सॉफ्टवेअर विकत घेतल्याचा पुरावा म्हणून लावायची यूएसबी किल्ली), डीएससी टोकन (डिजिटल सहीची यूएसबी), जुना स्कॅनर असलं काही? कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

काही लागत नसेल तर आधी वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम थेट लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. हे १९९३ पासून चालू असलेलं काम आहे, आणि लोकांना वाटतं तसा तो एम्युलेटर (अख्ख्या दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) नाही. प्रोग्राम विंडोजकडे जे मागतो, फाईल उघड, खिडकी काढ, ते वाईन मधल्यामधे लिनक्सकडून करून घेतो, त्यामुळे विंडोजचं लायसन लागत नाही आणि ४ जीबी रॅमवरही छोटे प्रोग्राम मजेत चालतात. बहुतेक गेमसाठी तर प्रश्नच नाही, स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने २०१८ मध्ये वाईनवरच प्रोटॉन उभं केलं, ते डायरेक्टएक्सचं (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) काम व्हल्कनकडे (लिनक्सवरही चालणारी तशीच यंत्रणा) वळवतं, आणि वाल्वचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक त्याच जोरावर चालतो. फक्त कुठलाही क्रॅक केलेला सेटअप वाईनमध्ये उघडू नका प्लीज, कारण वाईनला झेड ड्राइव्ह म्हणून तुमची अख्खी लिनक्सची डिस्क दिसत असते, विंडोजचा व्हायरस तुमच्या फोटोंपर्यंत आरामात पोचतो.

आता डोंगलवाल्यांचं. आमच्या घरच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका, हँडबिलं अजून एका जुन्या मराठी डीटीपी (छपाईची पानं मांडायच्या) सॉफ्टवेअरवर होतात, वीस वर्षांच्या फाईली त्याच्या युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये अडकल्यात, सोडून देणं शक्यच नाही. वाईनमध्ये ते इन्स्टॉल झालं, उघडलं, फॉन्ट सुद्धा नीट दिसले, मी खूश, आणि मग मेसेज आला की लॉक (म्हणजे डोंगल) सापडत नाही. डोंगलला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो आणि असले ड्रायव्हर वाईनमध्ये सहसा चालत नाहीत. हे कळायला माझ्या दोन रात्री गेल्या.

शेवटी व्हर्च्युअलबॉक्स टाकला, तो लिनक्सच्या आतच एक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) उभा करतो. त्यात खरंखुरं विंडोजच बसवायचं असतं, म्हणजे लायसन आलं, डिस्क आली, आणि रॅम ८ जीबी असेल तर त्यातली ४ त्याला द्यायची तयारी हवी, उरलेल्या चारमध्ये ब्राउझरचे दहा टॅब उघडून बसू नका. पण मेनूतून यूएसबी डिव्हाइसवर टिक केलं की डोंगल थेट आतल्या विंडोजला मिळतो (त्याआधी लिनक्समधला आपला युजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये टाकावा लागतो, नाहीतर यादी रिकामीच दिसते, यावर बरेच जण अडकतात). मला सगळ्यात आवडलं ते स्नॅपशॉट, काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत. आत विंडोज १० च ठेवणार असाल तर सेटिंगमध्ये नेटवर्क बंद करा आणि फाईली शेअर्ड फोल्डरमधून द्या, सपोर्ट नसलेलं विंडोज नेटवर कशाला सोडायचं? गेम मात्र यात विसरा, ग्राफिक्स फार कमी पडतं.

ड्युअल बूट (लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवून चालू करताना एक निवडणं) मी क्वचितच सुचवतो, दर वेळी मशीन बंद-चालू करायचा कंटाळा येतो आणि लोक शेवटी एकाच बाजूला राहतात. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना मात्र दुसरा मार्ग नाही, त्याचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) वाईनलाही दाद देत नाही आणि व्हर्च्युअल मशीनलाही नाही.

आणि काहीही ठरवलंत तरी आधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर चालतात का ते बघा, विंडोज पुसायची घाई नको.