जुन्या जीपच्या डिस्ट्रिब्युटरसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमधील (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातील) पॉइंट, म्हणजे कॉइलचा (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज बनवणाऱ्या वेढ्याचा) प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, आणि कंडेन्सर काढून त्यांच्या जागी बसवायचे इलेक्ट्रॉनिक संच अनेक उत्पादक विकतात. मी वापरत असलेला संच चार सिलिंडरच्या, १२ व्होल्टच्या इंजिनासाठी आहे. कॅमवर चढवायची चुंबकांची कडी, सेन्सर बसवलेली छोटी प्लेट आणि लाल-काळ्या दोन तारा, एवढाच ऐवज खोक्यात असतो. कॅप लावली की बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही, त्यामुळे मूळ रूपाविषयी काटेकोर असणाऱ्यांचीही फारशी तक्रार राहू नये.

पॉइंटचा खरा त्रास त्यांच्या झिजेत आहे. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजत जातो तसतशी पॉइंटमधली गॅप कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडते. गॅप मात्र ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच हवी असते, म्हणजे फिलर गेज घेऊन पुन्हा पुन्हा बसणे आलेच. या संचातील सेन्सर हॉल परिणामावर, म्हणजे एडविन हॉल यांना १८७९ मध्ये आढळलेल्या तत्त्वावर चालतो. चुंबक समोरून जाताच तो कॉइलचा प्रवाह जोडतो-तोडतो आणि त्यात घासणारे असे काहीच नसते. बसवल्यानंतर टायमिंग लाइटखाली खूण पूर्वीसारखी थरथरत नाही, थंड इंजिन लवकर सुरू होते आणि चढावर लो गिअरमध्ये अगदी सावकाश जातानाही मिसिंग जाणवत नाही.

मात्र डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये डुगडुगत असेल किंवा वेग वाढल्यावर ठिणगी लवकर पाडणारी ॲडव्हान्सची वजने गंजून अडकली असतील, तर हा संच ते दोष झाकतो, दूर करत नाही. आधी डिस्ट्रिब्युटर उघडून दुरुस्त करावा आणि मगच यावर पैसे घालावेत. पाण्यातून गाडी काढताना कॅप ओली झाली तर ठिणगी पूर्वीइतकीच भरकटते, हेही लक्षात घ्यावे.

माझी नाराजी सूचनापत्रकावर आहे. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत हा संच जोडला तर मॉड्यूल (सेन्सरसह संचातला इलेक्ट्रॉनिक भाग) जळण्याचीच शक्यता अधिक, आणि तरीही हा इशारा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेला आहे. कॉइलच्या प्राथमिक वेढ्याचा रोध मोजून घ्या, असे तर कुठेच म्हटलेले नाही. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहतात. बॅलास्ट रेझिस्टरसाठी (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या वेगळ्या रोधासाठी) बनवलेली १.५ ओहमची कॉइल थेट जोडली तर ८ अँपिअर वाहून मॉड्यूल तापते. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवण्याची सवयही याला मानवत नाही.

आडरानात फिरणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. बॅटरी उतरली असताना हँडल मारून गाडी सुरू करायची वेळ आली, तर पॉइंट थोडक्या व्होल्टेजवरही काम भागवतात, पण मॉड्यूल गप्प बसते. शिवाय पॉइंट रस्त्याकडेला काचपेपरने घासून चालते करता येतात. बिघडलेल्या मॉड्यूलचे काहीच करता येत नाही. म्हणून रोज किंवा लांबवर चालणाऱ्या गाडीसाठी मी हा संच नक्की सुचवेन, पण जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट, गॅप लावून तयार अशी, हत्यारांच्या पेटीत ठेवूनच. केवळ प्रदर्शनापुरती बाहेर निघणाऱ्या गाडीला याची गरज नाही.