जुनी पुस्तकं घ्यायची तर या दुकानात, आणि जमलं तर आपल्या बाईंना घेऊन जा

पाचातले साडेचार देता आले असते तर तेवढे दिले असते, अर्धा कशाचा कापला ते खाली लिहिते.

अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांची दुकानं ढीगभर आहेत पण मी जुनी पुस्तकं घ्यायला याच दुकानात येते, माझ्या नववीपासून म्हणजे 1995 पासून. या जूनमध्ये लेकीची नववीची पुस्तकं घ्यायची होती आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या गणिताच्या बाईंचा फोन आला की मला एक जुनं भूमितीचं पुस्तक हवंय, त्या गर्दीत एकटीला नको वाटतं, येतेस का गं. बाई आता एकाहत्तरच्या आहेत, गुडघे दुखतात. आम्ही मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरलो आणि हळूहळू चालत गेलो. जूनमध्ये तिकडे गाडी नेऊच नका, पार्किंग मिळत नाही.

दुकान छोटंसंच, छतापर्यंत गठ्ठे. काकांनी बाईंना बघितल्या बघितल्या स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि विचारलं कुठल्या सालचं पुस्तक. बाईंना साल आठवेना, त्या म्हणाल्या भूमितीचा पेपर पंचाहत्तर मार्कांचा होता ना, तेव्हाचं. काकांना तेवढं पुरलं. (आमच्या वेळी दहावी 750 मार्कांची असायची, त्यात बीजगणित 75 आणि भूमिती 75. आता दोन्ही 40-40 चे आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे.) दहा मिनिटांत पोटमाळ्यावरून पुस्तक खाली आलं, बाइंडिंग सुटलेलं होतं तर तिथल्या तिथे दाभण आणि दोऱ्याने शिवून पण दिलं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. असं दुकान हल्ली कुठंय सांगा.

बाईंनी पुस्तक उघडलं ते थेट पायथागोरसच्या प्रमेयावर. समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, "पाठ कर, नक्की येणार". मी म्हटलं बाई हे मीच लिहिलेलं असू शकतं, कारण मी प्रमेयं अशीच करायचे, पक्ष साध्य रचना सिद्धता सगळं घडाघडा पाठ, पण त्रिकोण एबीसीच्या जागी पीक्यूआर आला की संपलं. बाई म्हणाल्या, माहीत होतं मला, म्हणून तर तुला फळ्याशी बोलवून मुद्दाम पीक्यूआर घालायचे. आणि मी तीस वर्षं समजत होते की बाईंचा माझ्यावर राग होता!! मी ते बोलून दाखवलं. बाई जरा वेळ गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तुला तसं वाटत होतं? मग चुकलंच माझं. तास संपल्यावर एकटीला बोलवायला हवं होतं. पण पस्तीस मिनिटांचा तास आणि साठ मुली, तेव्हा सुचलं नाही गं." मला काय बोलावं कळेना, त्या गर्दीत माझे डोळे भरून आले.

मग त्यांचं त्यांनी सांगितलं. बाई स्वतः अकरावीच्या मॅट्रिकवाल्या, 1970 च्या. दहावीच्या बोर्डाची पहिली बॅच बसली 1975 ला, आणि बाई नोकरीला लागल्या 1977 ला, म्हणजे जी परीक्षा आपण कधी दिलीच नाही ती मुलींकडून करून घ्यायची! पहिल्या वर्षी त्या रात्री बसून बोर्डाचे जुने पेपर सोडवायच्या आणि ते पेपर याच चौकातून न्यायच्या. वर्गात शिरताना हात थंड पडायचे म्हणाल्या. आम्हाला त्या कडक वाटायच्या, त्यांच्या पायातल्या चपलांचा आवाज आला की अख्खा वर्ग चिडीचूप, आणि त्या आतून आमच्याएवढ्याच घाबरलेल्या. शाळेत असताना हे कळलं असतं तर मी बाईंना शंका विचारल्या असत्या, एकही विचारली नाही मी दहावीपर्यंत.

काका पण मध्ये मध्ये बोलत होते. 2023 पासून दोन वर्षं दुसरी ते आठवीला ती कोऱ्या पानांची पुस्तकं होती ना, वर्षाचे चार भाग आणि एकेका भागात सगळे विषय, ती त्यांच्याकडे परत आलीच नाहीत म्हणे, कारण मुलांनी त्यातच लिहून टाकलेलं. माझ्या लेकीची सातवी आठवी त्यातच गेली. दप्तर हलकं झालं हे खरं पण पुस्तक धाकट्या भावंडाला, शेजारच्या मुलीला द्यायचं असतं हे तिला ठाऊकच नाही याचं मला वाईट वाटतं. शासनाने 2025 च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला ते बरं झालं.

बाईंचं आणि माझं एकाच गोष्टीवर वाजलं, 2019 ला दुसरीच्या गणितात त्रेसष्टला साठ तीन असं वाचायला दिलं होतं त्यावरून. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही, त्रेसष्ट हा शब्द आपला आहे. बाई म्हणतात त्रेसष्ट ऐकून 36 लिहिणाऱ्या मुली मी आठवीतसुद्धा पाहिल्यात, कानाला तीन आधी ऐकू येतं त्याला मुलं काय करणार. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता अर्धा स्टार. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चार पानं गायब होती, घरी आल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी एक शब्द न बोलता बदलून दिलं पण माझी एक खेप वाढली, तर तिथेच उभं राहून पानं चाळून घ्या. दाराशी दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही, वयस्कर माणसांना हात द्यावा लागतो, काकांनी एक दांडी बसवून घ्यावी ही मनापासून विनंती.

भाव छापील किमतीच्या निम्मा, स्थिती चांगली असेल तर एप्रिल-मेमध्ये पाव किमतीला परत घेतात. दुपारी बंद असतं, साडेचारनंतर जा. पिशवी घरून न्या. बाईंचं पुस्तक चाळीस रुपयांना मिळालं, त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी दहावीत आहे, तिला रोज संध्याकाळी शिकवतात त्या.