फुकटची रांग अकराशे रुपयांना

आईला आणि मावशीला पंढरपूरला नेऊन आणलं आणि त्यात 3,300 रुपये घालवून आलो. माणशी अकराशे. रक्कम बुडाली त्यापेक्षा ज्या साध्या युक्तीने बुडाली, ते जास्त लागलं. युक्ती साधी आहे म्हणूनच लिहितोय, कारण पुढच्या एकादशीला ती आणखी कुणावर तरी चालणार.

शनिवार होता, कार्तिकी होऊन दोन आठवडे झाले होते, तरी गर्दी होतीच. पार्किंगला गाडी लावून दार उघडतोय तोच एक जण पुढे आला. कपाळाला गंध-बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, पांढरा सदरा. आधी आईच्या पाया पडला. मग म्हणाला, "माउली, एवढ्या लांबनं आलाय, पायावर डोकं टेकवल्याबिगर जाऊ नका." आई 72 वर्षांची, मावशी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, दोघींचे गुडघे गेलेले. त्याने ते बरोबर हेरलं होतं. पदस्पर्शाची रांग आज पत्राशेडपर्यंत गेलीय, सात-आठ तास लागतील, असं त्याने सांगितलं. आणि हळूच पुढे, "आता पदस्पर्श पासावरच झालंय. समितीचा पास अकराशेचा. अर्ध्या तासात बाहेर."

मला हे खरं का वाटलं, तेही सांगतो. करोनात पायावरचं दर्शन बरेच महिने बंद होतं. 2024 मध्ये गाभाऱ्याच्या कामासाठी पुन्हा काही आठवडे बंद होतं, तेव्हा फक्त मुखदर्शन चालू होतं. या बातम्या अर्धवट वाचलेल्या. त्यामुळे "नियम बदललाय" म्हटल्यावर मी मान डोलावली. शिवाय रांग चुकवायची इच्छा माझी होती, आईची नव्हे. ती म्हणत होती, "थांबू की. नाहीच जमलं तर कळसाचं दर्शन घेऊ." तिचं माहेर फलटणजवळचं, दारावरून माउलींची पालखी जाणारी. आषाढीला गर्दीत आत जाता आलं नाही की कळसाला हात जोडून परत फिरायचं, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. मी मात्र पुण्यातून गुगल मॅपवर तासांचा हिशेब मांडून आलेलो.

त्याने मोबाइलवर क्यूआर कोड दाखवला. स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलंसुद्धा. "समितीच्या खात्याचं काम चालू आहे, हे आपल्याच माणसाचं," असं उत्तर आलं, आणि मी पिन टाकला. इथे थांबायला हवं होतं. पावती मिळाली, वर विटेवरच्या विठोबाचं चित्र, खाली हाताने लिहिलेली नावं. शिक्का नव्हता. मग म्हणाला, "मोबाइल आत चालत नाही, लॉकरला ठेवा." हे मात्र खरं आहे. त्याच्या दहा खोट्यांत हे एक खरं पेरलेलं होतं, आणि तेच त्याच्या सर्वांत उपयोगी पडलं, कारण आत गेल्यावर त्याला फोन करायचीही सोय उरली नाही.

त्याने आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि तो गेला. रांग भराभर सरकत होती. वीस मिनिटांत आत! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. समोर लांबवर देव दिसला, मावशीने हात जोडले, मागून "चला माउली, चला" सुरू झालं आणि रांग बाहेरच्या दिशेने वळली. आई एकदम थबकली. म्हणाली, "अरे, पण पाय कुठायत?"

ती मुखदर्शनाची रांग होती. पंढरपूरला दोन रांगा असतात. एक पदस्पर्शाची, थेट गाभाऱ्यात जाऊन पायांवर डोकं टेकवायची. ती लांब असते. दुसरी मुखदर्शनाची, देवाचं लांबून रूप पाहायचं, ती पटकन सरकते. दोन्हींना एक पैसा लागत नाही. त्या माणसाने कुठे वशिला लावला नव्हता, कुणाला चिरीमिरी दिली नव्हती. शेजारच्या फुकट रांगेत उभं करायचे त्याने 3,300 रुपये घेतले होते. पहिल्यांदा येणाऱ्याला हे कळणारही नाही. तो खूश होऊन घरी जाईल आणि चार जणांना त्याचा नंबर देईल.

पावती घेऊन मंदिर समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने ती उलटीपालटी करून परत दिली. दर्शनाला पैसे नाहीतच, म्हणाला. पाद्यपूजा, तुळशी अर्चन, उन्हाळ्यातली चंदनउटी अशा पूजांना देणगी असते, आणि ती नोंदणी समितीकडेच होते, पार्किंगमध्ये नाही.

आईला मात्र पैसे मागितल्याचं फारसं नवल वाटलं नव्हतं. बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या काळात देवापुढच्या ताटात दक्षिणा टाकायची तिच्या पिढीची सवय. मंदिर समितीकडे देणारा कायदा 1973 चा, पण त्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद सुप्रीम कोर्टात मिटला तो 2014 मध्ये. "आता समिती आहे, पैसे लागत नाहीत" हे घरातल्या म्हाताऱ्यांना निघण्याआधी दोनदा सांगून ठेवा. मी स्वतःच कच्चा होतो, त्यांना काय सांगणार!

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक होता म्हणून नोंद तरी झाली. रोख दिले असते तर तेही नाही. पैसे अजून आलेले नाहीत.

रात्री मुक्काम केला आणि पहाटे पदस्पर्शाच्या रांगेत लागलो. साडेतीन तास. आईसाठी प्लास्टिकचं स्टूल विकत घेतलं, दीडशे रुपयांचं. रांग सरकली की मी ते उचलून पुढे ठेवायचो. मागच्या बाई मधेमधे त्यावर मावशीला बसवायच्या आणि हरिपाठ म्हणायच्या. गाभाऱ्यात आईला जेमतेम पाच सेकंद मिळाले. बाहेर येऊन ती काही बोलली नाही, नुसती कपाळाला हात लावून पाहत होती.

त्या माणसाचा नंबर मी मुद्दाम ठेवलाय. अजून चालू आहे. दर एकादशीला त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला विठोबाचा फोटो असतो, खाली लिहिलेलं असतं, "दर्शनासाठी संपर्क करा, माउली."