गुडघ्यातला प्लायका: आधी व्यायाम की थेट दुर्बीण?

एमआरआयच्या रिपोर्टात ‘मेडियल प्लायका’ दिसला की घरात चर्चा सुरू होते, ऑपरेशन बेळगावातच करायचं की मिरजेला जायचं? मुळात ते करायचं का, हे कुणी विचारतच नाही.

प्लायका म्हणजे गुडघ्याच्या आतल्या अस्तराची घडी; मेडियल म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या, आतल्या बाजूची. गर्भात सांधा घडताना ती मागे राहते आणि पुष्कळ धडधाकट गुडघ्यांत जन्मभर मुकाट असते. सारखं पळणं, उठाबशा किंवा एखादा मार लागून ती सुजली, जाड आणि ताठ झाली, की गुडघा वाकताना मांडीच्या हाडावर घासते. मग वाटीच्या आतल्या बाजूला दुखतं, कट्ट वाजतं, जिना चढताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर ठणकतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं घ्या, नाहीतर निपाणीकडे दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायका. ही तक्रार दोघांकडेही ऐकू येईल. मात्र कारण दर वेळी प्लायकाच असतं असं नाही. पन्नाशीपुढे तर आधी झिजेचा संशय घ्यावा.

निदानात माझा कौल बोटांना. गुडघा सरळ ठेवून डॉक्टर वाटीच्या आतल्या-खालच्या कडेला अंगठ्याने दाबतात, तेव्हा दुखतं. दाब तसाच ठेवून गुडघा काटकोनात वाकवला आणि दुखणं गेलं किंवा बरंच कमी झालं, तर प्लायकाचा संशय बळावतो. कधी घडी बोटाखाली सुतळीसारखी सरकतेही. एक्स-रेत ती दिसत नाही. तो झीज किंवा हाडाचा तुकडा नाही ना, हे बघायला. एमआरआयचा खरा उपयोग दोन हाडांमधली गादी फाटलेली नाही ना, हे पाहायला. त्यात घडी दिसली म्हणजे तीच दोषी, असं होत नाही. गुडघ्याला हात न लावता नुसता रिपोर्ट वाचून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन.

दुखणं नवं असेल, तर सहा ते बारा आठवडे व्यायामाला द्यावेत. पळणं आणि उठाबशा बंद, पण खाटेवर पडून राहायचं नाही. बर्फ लावावा, सूज उतरवणाऱ्या गोळ्या थोडे दिवस, त्याही डॉक्टरांना विचारून. मुख्य काम मांडीचा पुढचा स्नायू बळकट करण्याचं आणि मागचा ताणून मोकळा करण्याचं. उताणं झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली. दिसायला किरकोळ, म्हणूनच लोक आठवड्यात सोडतात. खानापूरच्या आतल्या गावातून रोज फिजिओकडे येणं जमत नाही, हे खरंच. एकदा नीट शिकून घरी करावं आणि पंधरा दिवसांनी दाखवून यावं.

स्टिरॉइडचं इंजेक्शन मधला टप्पा. सूज ताजी असेल तर आराम पडतो. घडी जुनाट, कडक झाली असेल तर फारसा नाही. मधुमेह असल्यास काही दिवस साखर चढते.

एवढं करूनही गुडघा अडकतच असेल आणि तपासणीतली खूण जुळत असेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया रास्त. दोन बारीक छिद्रं; बहुधा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. सर्जन आत बघत गुडघा वाकवून घडी चिमटते का, खालची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, खरवडली आहे का, हे पाहतात आणि मग ती काढतात. नुसती चिरून सोडली तर पुन्हा व्रण होऊन जुळू शकते. चालणं लगेच सुरू होतं. पळायला साधारण दीड महिना किंवा जास्त. सांध्यात रक्त साठणं, जंतुसंसर्ग, पायात गुठळी, ताठरपणा हे धोके कमी असले तरी आहेत. कूर्चा आधीच झिजली असेल तर दुखणं पूर्ण जात नाही. आणि व्यायाम टाळायला म्हणून ऑपरेशन करणाऱ्यांनो, नंतर तोच व्यायाम करावा लागतो!

खर्चाचं म्हणाल, तर महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या 865 सीमागावांना लागू केली. कर्नाटकात आयुष्मान कार्ड आहे. नेमकी ही शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी विचारा. सर्जनलाही एक विचाराच: आत घडी पातळ आणि मऊ निघाली, तरीही कापणार का? ‘नाही, मग दुखण्याचं दुसरं कारण शोधू,’ असं म्हणणाऱ्याकडे मी निर्धास्त जाईन.