नाली काढायचे रॉड: नऊ महिने वापरल्यावर

लातुरात आमच्या गल्लीला नळ आठवड्यातून एकदा येतो आणि नाली नेमकी त्याच दिवशी तुंबते. सहा दिवस मोरीतून तांब्या-तांब्यानं पाणी जातं. सातव्या दिवशी गोधड्या, चादरी, अंगण, गाडी, सगळं एकदम. मागच्या पोळ्यानंतर अशाच एका नळाच्या दिवशी मागच्या दारचं चेंबर झाकणावरून वाहू लागलं. प्लंबर म्हणाला, परवा येतो. वर्षात त्याला तीनदा बोलावलं होतं, दर खेपेला आठशे रुपये. त्याच दुपारी साडेतेराशेला रॉडचा सेट घेऊन आलो.

सेटमध्ये तीन-तीन फुटांचे दहा लवचिक प्लास्टिकचे रॉड, टोकांना पितळी आटे. पुढं लावायला दोन तोंडं: एक गिरमिटासारखं पिळाचं, दुसरी चार इंची रबरी चकती. एकात एक आवळत गेलं की तीस फूट होतात. आमच्या दोन चेंबरमध्ये अंतर बावीस फूट, त्यामुळं पुरतात.

पहिल्या दिवशी मी चड्डीवर, हातात रबरी मोजे, आणि आई पायरीवर उभी. "कशाला हात घाण करायलास? बलाव की त्या पोराला." पोरगं म्हणजे प्लंबर नव्हे. गल्लीत नाली काढायला जो येतो, तो. त्यालाच घाण का, याचं उत्तर ना आईकडं होतं ना माझ्याकडं. तिकडं शेजारचे काका भिंतीवरून बघत होते, त्यांना मात्र करमणूक झाली.

आधी दोन्ही झाकणं उघडून बघावं. घराजवळचं चेंबर भरलेलं आणि पुढचं कोरडं, म्हणजे बोळा मधल्या पाइपात. मी कोरड्या बाजूनं, उताराच्या उलट रॉड घातला. बाजूला उभं राहायचं, कारण मोकळं झालं की सगळं तुमच्याच अंगावर येतं. माझ्या आलं. गिरमिट तेवढं फिरवून बोळा फोडायचा, मग चकती लावून मागंपुढं हासडायचं. लोक चकतीकडं दुर्लक्ष करतात. माझ्या मते सेटमधली खरी कामाची वस्तू तीच आहे. गिरमिट नुसतं भोक पाडतं आणि महिन्यात ते पुन्हा बुजतं.

हळूहळू हाताला कळू लागतं. रॉड मऊ रुतला तर साबण-चरबीचा गाळ. करकर लागलं तर वाळू नाहीतर राख. (आई अजून पातेल्याचं बूड राखेनंच घासते.) टणक, पण दाबलं की मागं ढकलणारं, म्हणजे मुळ्या. दिवाळीनंतर साबण-चरबी निघाली, पांढरट, साबुदाण्याच्या लगद्यासारखी. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्याशी साबण मिळाला की फेस होत नाही, चिकट थर होतो. त्याला फराळाच्या तळणाचं तेल मिळालं, मग काय.

फाल्गुनात मात्र माझ्याच चुकीनं फजिती झाली. रॉड कायम आटा आवळायच्या बाजूनंच फिरवायचा, हे माहीत होतं. अडकल्यावर चिडून एक हिसका उलटा दिला. आठ रॉड हातात आले, दोन गिरमिटासकट आत राहिले. खणावं म्हटलं तर आमच्याकडची काळी माती, त्या दिवसांत दगड. शेवटी वरच्या चेंबरमधून उरलेल्या रॉडला चकती लावून ढकललं. अर्ध्या तासानं खालच्या तोंडाशी दोन रॉड आले आणि त्यांना गुंडाळून अंगणातल्या लिंबाच्या मुळ्यांची हातभर जटा. ही माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत पाइपाचा सांधा सुटतो आणि ओल शोधत मूळ आत शिरतं. यात रॉडचा काय दोष?

त्याच दिवशी गवंड्याची लेव्हलची नळी मागून उतार मोजला. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागं एक फूट धरतात, म्हणजे बावीस फुटांना साडेसहा इंच. आमच्याकडं भरले जेमतेम तीन. त्यात पाणी कमी. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलात, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून आमच्या घरात पाणी सांडायची कुणाची छाती होत नाही. पण नालीला गाळ वाहून न्यायला एकदम जोराचं पाणी लागतं. थेंबथेंब आलं की पाणी पुढं जातं आणि राख तिथंच बसते. म्हणून आता कपड्यांचं शेवटचं पाणी साठवतो आणि दोन दिवसांआड दोन बादल्या एका दमात ओततो. मोरीला बारीक जाळी बसवली. तेलकट कढई आधी कागदानं पुसतो. यानंतर रॉड नळाच्या प्रत्येक दिवसाऐवजी दोन महिन्यांत एकदा निघाले.

दुकानदारानं सोबत नालीत टाकायच्या कॉस्टिक सोड्याचं पाकीट गळ्यात मारलं होतं. एकदा वापरलं. पाणी उकळल्यासारखं तापलं, बोळा तसाच, आणि त्यानंतर त्याच पाण्यात रॉड घालायची माझी हिंमत होईना. ॲसिड चेंबरचं सिमेंट खातं, आणि ब्लीचिंगवर ॲसिड पडलं तर विषारी वायू निघतो. पैसे वाया. नाली काढायची तारेची स्प्रिंगही मागून पाहिली, ती मोरीच्या दोन इंची वळणाला बरी, चार इंची पाइपात नुसती वेटोळी घालते.

हे सगळं फक्त मोरी-न्हाणीच्या लाइनचं. संडासाची लाइन वेगळी, ती सेप्टिक टाकीला जाते. तिला मी हात लावत नाही, मैला उपसायचा टँकर बोलावतो. आत वायू साठतो, झाकण काढून वाकलं तरी भोवळ येऊ शकते. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं हातानं मैला काढण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं गुन्हाही आहे.

तक्रारी दोनच. पितळी आटे धुऊन तेल न लावता ठेवले तर जाम होतात, मग दोन पाने लागतात. आणि सेटला पिशवी नाही, ओले रॉड दाराआड उभे केले की घरभर वास.

सेट सध्या भिंतीवरून बघणाऱ्या काकांकडं आहे. मागच्या वेळी परत आला तो न धुता, चकतीला भाताची शितं चिकटलेली. उद्या नळ येणार आहे, आज संध्याकाळी जाऊन आणावा लागेल.