होमस्टेच्या पावसाळ्यासाठी १२ लिटरचा डीह्युमिडिफायर: घ्यावा का?

मुंबईलगतच्या मनोरी-गोराईकडे निवास-न्याहारीच्या खोल्या चालवणाऱ्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर. पण खोली खराब होते ती जून ते सप्टेंबरात: गाद्यांना कुबट वास, कपाटामागे बुरशी, चादरी दोन-दोन दिवस ओल्या. त्यावर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत जमा करणारं यंत्र, जरूर घ्या, फक्त वापर नीट हवा.

खोक्यावरचे १२ लिटर म्हणजे दिवसभरात ओढलेलं पाणी, आणि तेही बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. खोली कोरडी होते तसं पाणी कमी निघतं. तो बिघाड नव्हे. यंत्रावरचा आर्द्रतेचा आकडा ५५ टक्क्यांवर ठेवा. खिडक्या-दारं बंद, नाहीतर यंत्र बाहेरचीच ओल ओढत बसतं.

टाकी लहान असते आणि भरली की यंत्र आपोआप थांबतं. म्हणून नळी बाथरूमच्या जाळीत सोडा, पण सलग उतारानं. मध्ये उंचवटा आला की पाणी अडतं. यंत्र आवाज करतं, खोलीही तापवतं, त्यामुळे पाहुणे असताना नकोच. चेकआऊटनंतर गादी भिंतीला उभी करून चार-पाच तास चालवा. फिल्टर दर पंधरवड्याला धुवा. यंत्र आडवं आणलं असेल तर काही तास उभं ठेवूनच सुरू करा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यायला हवं.

ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे स्वस्त डबे बंद कपाटापुरते चांगले. खोलीला ते पुरत नाहीत, आणि साठलेलं पाणी सांडलं तर लोखंडी खाटेला गंज धरतो.